उतलेले जीवनसत्त्व

तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडा टाकताना माझा उजवा हात कोपराच्या चार बोटे खाली खापराच्या कडेला टेकला. आमच्या अमळनेरकडे ज्यांनी मांडे केले आहेत त्यांना हे भाजणे ठाऊक असते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, ओढत, कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. हात मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला की खापर आपली खूण ठेवते. त्या दिवशी मी हात पाण्याखाली धरला, उरलेले मांडे केले, आमरस वाढला आणि भाजल्याचे विसरून गेले. दोन-अडीच आठवड्यांत जखम भरली. मागे राहिला तो बोटभर लांबीचा, जांभळट काळा चट्टा.

पुण्याहून आलेल्या भाचीने तो पाहिला आणि तिला माझ्याहून जास्त वाईट वाटले. “आत्या, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लाव ना रोज रात्री, डाग राहणारच नाही,” असे म्हणून तिने औषधाच्या दुकानातून हिरव्या कॅप्सुलांची पट्टी आणून दिली. ही कॅप्सूल गिळण्यासाठी असते, हे पट्टीवर लिहिलेले मी वाचले होते. तरीही टाचणीने टोचून, अंगठ्याने दाबून, त्यातले मधासारखे चिकट तेल मी नव्या, गुलाबी, अजून नीट न जमलेल्या कातडीवर चोळू लागले. मनात शंका आली नाही, याचे मला आज आश्चर्य वाटते, कारण मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे.

शंका न येण्याचे मूळ कदाचित त्या शिकवण्यातच असावे. ‘अ’ नसेल तर रातांधळेपणा, ‘ब-१’ नसेल तर बेरीबेरी, ‘क’ नसेल तर स्कर्व्ही, ‘ड’ नसेल तर मुडदूस, हा तक्ता मी किती पिढ्यांकडून घोकून घेतला असेल! ‘ई’ पुढे वंध्यत्व हा शब्द असे आणि आठवीच्या वर्गात तेवढी ओळ मी जरा भरभर वाचून पुढे सरकत असे. तो शब्द तिथे का आला, हे पुढे कळले. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असे आढळले की विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांची पिल्ले पोटातच दगावतात आणि आहारात एक तैलविद्राव्य घटक घातला की जगतात. म्हणून त्या घटकाचे नाव ग्रीक भाषेतल्या बाळंतपणाच्या शब्दावरून टोकोफेरॉल असे पडले. त्वचेवरच्या डागाचा या कथेत कुठेही संबंध नाही. परंतु तक्ता घोकणाऱ्याच्या मनात एक समीकरण पक्के होते : जीवनसत्त्व कमी पडले की रोग, मिळाले की आरोग्य, जास्त मिळाले की अधिक आरोग्य. शिवाय आपल्या मराठी शब्दातच ‘जीवन’ही आहे आणि ‘सत्त्व’ही आहे. अशा नावाच्या वस्तूवर संशय घ्यायचा तरी कसा?

पहिले दहा दिवस काहीच झाले नाही. अकराव्या रात्री चट्ट्याभोवती खाज सुटली. सकाळी पाहते तो डागाच्या कडेला मोहरीएवढ्या लाल पुळ्यांची रांग उठलेली. मी काय करावे? कातडी कोरडी पडली असे समजून त्या रात्री दोन कॅप्सुला फोडल्या. तेराव्या दिवशी पुळ्या कोपराच्या खोबणीपर्यंत चढल्या, हात सुजला, आणि खाज अशी की झोपेतही दुसऱ्या हाताची नखे तिकडे जात. मग कॅप्सूल बंद करून गारव्यासाठी कोरफडीचे हिरवे जेल लावले, तर आणखी चिडले. त्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात ‘व्हिटॅमिन ई युक्त’ असे छापले होते. ते मी बऱ्याच उशिरा वाचले.

शेजारची मोठी माय तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. मुगाच्या वड्या द्यायला आली आणि माझा हात धरून उजेडात घेऊन गेली. “हाई काय शे व माय? बिबा उतना का तुले?” मी म्हटले, बिबा नाही, व्हिटॅमिन लावले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग ते बी उतस का?”

त्या प्रश्नातल्या क्रियापदावर मी पुढे पुष्कळ विचार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला बिब्बा उतणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बिब्ब्याच्या टरफलातले काळे तेल अंगाला लागले की काहींना काहीच होत नाही आणि काहींच्या अंगावर फोड येतात, तोंड सुजते, पाणी सुटते. आणि तेही लागलीच नाही, दिवस-दोन दिवसांनी. त्याच फळातली गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो, तेच फळ पायात मोडलेल्या काट्यावर चटका देण्यासाठी वापरत असत, आणि बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या बोटांवरची काळी, सोललेली कातडी पाहिली की तो लाडू घशाखाली उतरणे अवघड जाते. एकच वस्तू औषध, खाद्य आणि विष आहे आणि ती कोणाला उतेल ते त्या माणसाच्या अंगावर अवलंबून आहे, एवढे सगळे ज्ञान त्या एका ‘उतणे’ शब्दात साठवलेले आहे. परीट कपड्यांवर याच बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली त्यावर लेख लिहून त्याला धोब्याच्या खुणेचा त्वचारोग असे नाव दिले. आमच्याकडे त्यासाठी लेखाची गरज पडली नसती.

बिब्ब्याच्या नावातच इशारा आहे. ‘कामात बिब्बा घालणे’ असे आपण म्हणतो. जीवनसत्त्वाच्या नावात मात्र फक्त आश्वासन आहे.

अखेर मी एस.टी.ने धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. फोनवर वेळ घेतानाच त्यांनी बजावले होते, “बाई, महिनाभरात त्या हाताला जे जे लावलं असेल ते सगळं घेऊन या, घरचंसुद्धा.” मी कापडी पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. हिरव्या कॅप्सुलांची अर्धी पट्टी, कोरफडीचे जेल, नवऱ्याचे दाढीनंतरचे क्रीम, खोबरेल तेल, हळदीची पुडी आणि भाचीने विसरून ठेवलेली सीरमची बाटली. त्यांनी एकेक वस्तू उचलून मागची बाजू वाचली आणि टेबलाच्या दोन कडांना दोन गट केले. ‘ई’ असलेल्या गटात जेल, दाढीचे क्रीम आणि कॅप्सुला गेल्या. खोबरेल आणि हळद दुसऱ्या बाजूला एकटी पडली.

त्यांनी मला जे समजावले ते मी शिक्षिकेच्या सवयीने वहीत उतरवून घेतले. त्वचेचे बिघडणे दोन तऱ्हांचे असते. एक जळजळीचे : पदार्थच तिखट असतो, पुरेसा लावला तर तो कोणालाही झोंबतो, लागलीच झोंबतो आणि लावला तेवढ्याच जागी झोंबतो. दुसरे ॲलर्जीचे : पदार्थ निरुपद्रवी असतो, पण एखाद्याचे शरीर त्याला शत्रू ठरवते. बाहेरचा बारीक रेणू कातडीत शिरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो, लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी त्याला उचलून लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे पांढऱ्या पेशींची एक तुकडी त्या रेणूची ओळख पाठ करते. या पाठांतराला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर वर काही दिसत नाही, म्हणूनच माझे पहिले दहा दिवस शांततेत गेले. एकदा पाठ झाले की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ उठते, लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते, आणि ही ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाही. “तुम्ही तर ताज्या भाजल्या कातडीवर लावलंत,” ते म्हणाले, “दार उघडंच होतं.” टोकोफेरॉलचा रेणू सुमारे ४३० डाल्टन वजनाचा असतो आणि ५०० डाल्टनच्या आतले रेणू धड कातडीतूनही आत जाऊ शकतात, असा त्यांच्या शास्त्रातला ठोकताळा आहे.

मग मी तो प्रश्न विचारला जो मला आधी भाचीला विचारायला हवा होता : याने डाग जातो तरी का? डॉक्टर हसले. १९९९ साली अमेरिकेत मायामी येथे लेस्ली बाऊमन आणि जेम्स स्पेन्सर या दोघांनी त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १५ रुग्णांवर हे करून पाहिले होते. प्रत्येकाच्या व्रणाचे दोन भाग केले. एका भागावर नुसते मलम, दुसऱ्यावर तेच मलम व्हिटॅमिन ई मिसळून, दिवसातून दोनदा, चार आठवडे. कोणत्या भागावर काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निकाल असा की दहापैकी नऊ जणांत व्हिटॅमिनचा काही उपयोग झाला नाही किंवा व्रण अधिकच वाईट दिसू लागला, आणि तिघांतल्या एकाला पुरळ उठले. १५ ही संख्या लहान आहे आणि त्यावरून सर्व जगाला लागू होणारा आकडा काढणे मला बरोबर वाटत नाही. कोट्यवधी लोक रोज व्हिटॅमिन ई असलेले काही ना काही अंगाला लावतात आणि त्या मानाने ॲलर्जी होणारे थोडेच असतात, हे डॉक्टरांनीच सांगितले. पण भाजलेल्या, कापलेल्या जागी ते लावावे असे म्हणणाऱ्यांकडे यापेक्षा भक्कम पुरावा आहे काय, असे विचारण्याचा अधिकार त्या पंधरा जणांनी मला निश्चित दिला.

असे काही फक्त कॅप्सुलांमुळेच होते असेही नाही. १९९२ साली स्वित्झर्लंडमध्ये सौंदर्यप्रसाधनांची एक नवी मालिका बाजारात आली आणि शेकडो लोकांच्या अंगावर बारीक पुटकुळ्या उठल्या. शोध घेता तिच्यात वापरलेले टोकोफेरिल लिनोलिएट हे व्हिटॅमिन ईचे एक रूप कारण निघाले आणि हवेने बिघडून तयार झालेले त्याचे घटक त्याच्या मुळाशी असावेत असा कयास तपासणाऱ्यांनी केला. डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवण्यासाठी क्रीममध्ये घातले जाणारे व्हिटॅमिन के-१ तर ॲलर्जीच्याच कारणावरून युरोपीय संघाने २००९ साली प्रसाधनांत बंद करून टाकले.

खात्री करण्यासाठी पाठीवर चाचणी करायची होती, पण डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर या. आमच्या जूनमध्ये घामाने कोणतीही पट्टी पाठीवर टिकणार नव्हती. ही चाचणी योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे प्रथम मांडली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे : संशयित पदार्थ थोडा थोडा कातडीवर बांधून ठेवायचा आणि अंग काय म्हणते ते पाहायचे. मार्गशीर्षात, घरोघरी भरताची वांगी भाजली जात असताना, बटणाएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांच्या रांगा पाठीवर चिकटवून मी दोन दिवस पाठीला पाणी न लावता, वाकून काही न उचलता काढले. ४८ तासांनी पट्ट्या निघाल्या, शाईने खुणा झाल्या, आणि चौथ्या दिवशी पुन्हा वाचन. बाकी सगळ्या जागा स्वच्छ होत्या. तिसऱ्या रांगेत टोकोफेरॉलच्या वाटीखाली चार आण्याच्या नाण्याएवढा लाल, फुगीर, दाणेदार गोल उठला होता. डॉक्टरांनी त्याच्याशेजारी अधिकची दोन चिन्हे काढली आणि मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. परीक्षेच्या पेपरवर लाल शाईने खूण करताना मला इतके समाधान कधी वाटले नव्हते जितके त्यांना ती करताना वाटलेले दिसले.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये टपाल तिकिटे पाहायचे जुने भिंग असते. टोकोफेरॉल, टोकोफेरिल ॲसिटेट, अशी नावे मी दुकानात उभी राहून शोधते आणि ती सापडतात, कारण हे व्हिटॅमिन पुष्कळदा कातडीसाठी नव्हे तर क्रीममधले तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले असते. ओठांचे मलम, कोल्ड क्रीम, उन्हाचे लोशन, लहान बाळाचे तेल, सगळीकडे. आमच्या गल्लीतला दुकानदार सुरुवातीला वैतागला. आता मी गेले की साध्या पेट्रोलियम जेलीची डबी स्वतःहून पुढे करतो.

भाचीच्या त्या सीरमच्या बाटलीचे काय झाले तेही सांगायला हवे. ते व्हिटॅमिन सीचे होते. तिने आणले तेव्हा पाण्यासारखे, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वैशाख काढल्यावर कोऱ्या चहासारखे. व्हिटॅमिन सी हवा, उजेड आणि उष्णता यांनी बिघडते. शिवाय ते कातडीत शिरावे म्हणून सीरमचा सामू (पीएच) साडेतीनच्या खाली ठेवावा लागतो, म्हणजे ते मुळातच आंबट असते, आणि म्हणून चरचरते. इथे ॲलर्जीचा प्रश्न बहुधा नसतो, शुद्ध झोंबण्याचा असतो. ‘लिंबातही सीच असते’ म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात कपडे वाळत घालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. लिंबाचा रस आणि ऊन यांची गाठ पडली की लिंबातल्या काही द्रव्यांमुळे कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि मागे जे काळे ओघळ राहतात ते महिनोन्‌महिने हलत नाहीत. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत हा प्रयोग करणे म्हणजे गोरे होण्यासाठी डाग विकत घेणे होय.

या सगळ्यात मला रात्री आठवते ती माझी एक जुनी विद्यार्थिनी. लग्न ठरल्यावर तिने औषधाच्या दुकानातून, कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, चेहरा उजळण्याची एक ट्यूब घेतली. सहा आठवड्यांत चेहरा खरोखर उजळला. हळदीच्या दिवशी सगळ्यांनी तिचे कौतुक केले. लग्नानंतर ट्यूब संपली, चार दिवस नवी आणायला जमले नाही, आणि गाल लालबुंद होऊन पेटले. पुळ्या उठल्या, हनुवटीवर लव दाट झाली, चुलीसमोर बसवेना. ती मला ती रिकामी ट्यूब दाखवायला घेऊन आली. भिंगाखाली तीन नावे दिसली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटॅसोन. पहिले रंग उतरवते, तिसरे स्टेरॉइड आहे, आणि मधले ट्रेटिनॉइन म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचेच आम्ल.

ट्रेटिनॉइन हे वाईट औषध नाही. मुरमांवर ते पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ते पुढे आणले आणि त्यासाठी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले, हा त्या ट्यूबच्या मागे न छापलेला इतिहास. पण ते लावले की पहिल्या काही आठवड्यांत कातडी लाल होते, सोलते, जळजळते, उन्हाला हळवी होते. म्हणून ते वाटाण्याएवढे, रात्री, एका दिवसाआड, तज्ज्ञाच्या सल्ल्याने लावायचे असते. या तिहेरी मिश्रणात स्टेरॉइड ती सारी जळजळ दाबून टाकते. कातडीची तक्रारच ऐकू येत नाही, आणि स्टेरॉइड बंद केले की दाबलेले सगळे एकदम बाहेर येते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. ती ट्यूब त्यानंतरची होती. तिला मी एकच गोष्ट विचारली आणि विचारताना माझा आवाज बदलला : दिवस राहिले आहेत का? गरोदरपणात ट्रेटिनॉइन लावू नये हे तिला दुकानदाराने सांगितले नव्हते, नवऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ज्या बाईने तिला आठवीत ‘अ’ नसेल तर रातांधळेपणा एवढेच शिकवले ती बाई मीच होते. दिवस राहिलेले नव्हते. मी तिला धुळ्याच्याच डॉक्टरांकडे पाठवले. चेहरा निवायला सात-आठ महिने लागले.

माझ्या हाताचा चट्टा मात्र दुसऱ्या वर्षी काहीही न लावता इतका विरला की उजेडात तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही.

यंदाच्या आखाजीला भाची आली होती. दुपारी मांड्यांचा घाट चालू असताना तिने पर्समधून ओठांचे मलम काढले, माझ्यापुढे केले, मग स्वतःच थांबून त्याच्या तळाची अक्षरे वाचू लागली. “आत्या, सातव्या ओळीत टोकोफेरिल आहे, तुला नको,” म्हणाली आणि आपल्या ओठांना लावून मोकळी झाली. खाटेवरून मोठी माय हे बघत होती.

“तिले नही उतत का?”

“नाही, मोठी माय.”

“मंग तुलेच कशाले?”

खापर तापले होते. मी बाही मनगटापर्यंत ओढली आणि पहिला मांडा उचलला.